जामुनझिऱ्याची उतरण

१८ नोव्हें. ६३
मासिक सभा. खोडके साहेबांनी माझी दौरा डायरी सगळ्यांसमोर वाचली. तीसेक माणसं होती. "ऑक्टोबर. जामुनझिरा. अर्ध्या वाटेवरून परत." हे दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "बाईले डोंगर चढवत नसन तर शिवणाची मशीन देऊ. घरी बसून चालवा." सगळे हसले. चहा देणारा गडीसुद्धा.

आजपासून या वहीत ते नुसते खो. साहेब म्हणायचं ते ऑफिसात.

सभा संपल्यावर हातात कागद. ग्रामसेविका म्हणून माझी दोन वर्षं भरली. कायम व्हायचं असेल तर मार्चअखेर जामुनझिऱ्याला सहा भेटी, नाहीतर सेवा समाप्त. खाली खो.ची सही. आमच्यावरचे विस्तार अधिकारी तेच, माझा गोपनीय शेरा लिहिणारेही तेच.

कारण मला माहीत आहे आणि त्यांनाही. ऑगस्टात म्हणाले होते, जामुनझिऱ्याच्या महिला शिबिराच्या हजेरीवर सही करा. शिबिर झालंच नव्हतं. "नुसती सही तर पाहिजे, बाई." मी केली नाही. त्याचं हे बक्षीस.

याला मी सोडणार नाही. लिहून ठेवते, म्हणजे राग निवला तर वाचून पुन्हा तापवता येईल.

२० नोव्हें.
शांत डोक्याने विचार केला. जामुनझिरा नऊ मैल वर. बस नाही, बैलगाडी जात नाही, जंगलातली गोट्यांची वाट. पायी गेलं तर दिवसात परत येणं होत नाही. बायांनी वर मुक्काम करायचा नाही हा नियम, तोही खो.नेच वाचून दाखवला होता. पायी जमत नाही, राहता येत नाही, गेलं नाही तर नोकरी जाते. मोळी चांगली आवळून बांधली आहे.

आणि खो. स्वतः वर्षभर वर जातो म्हणे! दोन जिने चढला की खुर्ची शोधतो. प्रत्येक गावात भेटबुक असतं, येणाऱ्या सरकारी माणसाने तारीख घालून सही करायची. जामुनझिऱ्याचं भेटबुक मला एकदा माझ्या डोळ्यांनी पाहायचं आहे. त्यात त्याच्या सह्या नसल्या तर पुढच्या सभेत मी वाचून दाखवीन. दोनदा.

राहिली सायकल. सरकारी लेडीज सायकल आहे. सडकेवर येते चालवता. समोरून बैल आला की उतरते.

२४ नोव्हें.
उमराव गवळी भेटला. वरच्या गवळीवाड्यातून आठवड्यातून दोनदा सायकलवर खव्याचे डबे घेऊन खाली येतो. पन्नाशीचा, काटकुळा, मिशी पांढरी. त्या वाटेवर सायकल चालवणारा तो एकटाच.

मी म्हटलं, मला शिकवा. त्याने माझ्याकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं. "ईले मधली दांडी नाई. नाल्यात गोट्यावरून खांद्यावर कशी घ्यान? आन् हे पातळ. चेनीत गेलं का तुमी गेले."
मग विचारलं, "काहून जायचं आहे तुमाले वरतं?"
सांगितलं: भेटी करायच्या आहेत. भेटबुकाचं सांगितलं नाही.

१ डिसें.
बाबांनी आपली सायकल एस.टी.च्या टपावर टाकून अकोल्याहून पाठवली. दांडीची, जुनी, भक्कम. सोबत आई आली. बाबा आता मिलमध्ये पायीच जातात, तीन मैल. मी रडले तर आई म्हणाली, "रडाले येळ आहे काय तुले?"

आईने आपलं नऊवारी लुगडं आणलं आहे. अंगणातच कासोटा घालून दाखवला. "वावरात आमी काय पातळ नेसून निंदतो? घे, असा खोच. वर ओढ. आता चाल पाहू." चालले. पळाले. मी शाळेत असताना आईला म्हणायचे, तू पातळ का नाही नेसत चारचौघींसारखं. आज तिने तो विषय काढला नाही, म्हणून मीच काढला. ती म्हणाली, "म्हणली असशीन. मले ध्यानात नाई." खोटं बोलली.

घरमालकीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. बघू देत.

६ डिसें.
आई काल अकोल्याला परत गेली. आज महापरिनिर्वाण दिन, सभेसाठी अकोल्याला जायला पाहिजे होतं, गेले नाही. खोलीत मेणबत्ती लावली, वंदना म्हटली, मग सायकल काढली. बाबा रागावणार नाहीत असं वाटतं.

उमरावदादाने पहिली गोष्ट केली ती म्हणजे चाकांतली हवा सोडली. मी ओरडलेच. अंगठ्याने टायर दाबून दाखवलं, थोडं दबलं पाहिजे. "गच्च भरली का चाक गोट्यावर नाचते. थोडं मऊ पाहिजे, मंग धरते." सीट चार बोटं खाली केली. उतारावर सीटवर बसायचंच नाही म्हणाला. उभं राहायचं, दोन्ही पायडल सारखे आडवे, अंग मागे, ढुंगण पार कॅरिअरवर. (तो शब्द त्याने वापरला नाही. हातानेच दाखवलं आणि दुसरीकडे पाहिलं.)

आठ वेळा पडले. उजवा गुडघा.

१३ डिसें.
नाल्याकाठच्या गोट्यांवर सराव. दर वेळी त्याच एका गोट्यावर जाऊन आपटते. काळा, टकला, वाटेच्या मधोमध. मी त्याला खो. नाव ठेवलं आहे.
दादा म्हणाला, "तुमी त्याच्याकडेच पाहून राहिले, बाई. ज्या गोट्याकडे पायसान, चाक तिकडेच जाईन. दोन गोट्यांमधली जागा पाहा."
जागा पाहायचा प्रयत्न केला. खो. दिसतोच.

दमल्यावर त्याने माझ्या बाटलीतलं पाणी मागितलं आणि तोंड लावून प्याला. खालच्या गावात अजून माझ्या हातचं पाणी न घेणारी घरं आहेत, मला पाठ आहेत ती. त्याने विचारही केला नाही. मीच जास्त केला.

२० डिसें.
आज सगळ्यात मोठी गोष्ट शिकले. उताराच्या माथ्यावर दादाने धावड्याची झुपकेदार फांदी तोडली, सायकलच्या मागे दोरीने बांधली. फांदी जमिनीवरून फरफटत येते, सायकल मागे ओढून धरते. ब्रेकला हात लावायची गरजच पडत नाही. धुरळा उडतो तेवढाच.
"पुढचा ब्रेक इथं दुश्मन समजा. दाबला का मागचं चाक उचलते आन् तुमी हँडलवरून पार. सवय अशी लावा का ते बोट वरच राहीन."
मी दहा वेळा उतरले. एकदाही पडले नाही. शेवटी तर ओरडले. आनंदाने, कुणी ऐकलं नाही.

गवळी लोकांची आपसांत एक रीत आहे म्हणे: वाटेवर नवा माणूस भेटला की गोटे कुठे सुटे आहेत, फांदी कुठे बांधायची, हे त्याला सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही. वैरी असला तरी. "मंग खाली उतरून भांडा," म्हणाला.

३ जाने. ६४
ऑफिसात खो. "बाई, अजून चालूच काय सायकल शिकणं? लग्नाच्या वरातीत चालवाले काय?" मी हसले. हसता येतं मला आता. मनात म्हटलं, थांब.

११ जाने.
गेले. जामुनझिरा. पहाटेचं उजाडताच निघाले, साडेनऊला वर. नाल्यात सायकल खांद्यावर घेतली. दोन चढांवर ढकलली. दादा म्हणतो उतरून ढकलण्यात लाज नाही, खरी लाज मध्येच थांबून पाठीमागे घसरण्यात. चढावर पुढे वाकायचं, नाक हँडलजवळ, आणि पाय थांबवायचा नाही. थांबवला नाही.

साठेक घरं, कोरकूंची. लोक बाहेर आले. बाई, सायकल, नऊवारी. बायका खूप हसल्या. कोतवाल मोती, म्हातारा, खाकी कोट. त्याने खाट टाकली. मी भुकेने इतकी कासावीस होते की कोंबडीचा रस्सा समोर आला तेव्हा विचारलंच नाही कुठून आला. तीन वेळा मागून घेतला.

मग भेटबुक मागितलं. त्यात खो. आहे! अकरा सह्या. मोठमोठे शेरे. "पाहणी केली. प्रगती समाधानकारक. महिलांशी चर्चा केली." म्हणजे तो खरंच येतो? महिलांशी चर्चा?
मोतीला विचारलं, साहेब कधी आले होते?
"साब कायले येईन, बाई? बुकच जाते ना खाली. मी नेतो थैलीत, गुरुवारच्या बाजाराले. साब तिथीच सई करते. देवी टोचनेवाला करते, मास्तर करते, समदे करते."
सगळे. मला सोडून. मला कोणी सांगितलंच नाही की भेटबुक खाली येतं.

मी खुशीने वेडी व्हायची बाकी होते. मग मोती म्हणाला, "आमीच चालू केलं ते. साब वर आला का कोंबडी कापा लागते, तूप द्या लागते. बुक खाली गेलं का कोंबडी वाचते."
तेव्हा मला माझा रस्सा आठवला. विचारलं कुणाची होती. सुकली नावाची बाई कोपऱ्यात उभी होती. तिची. अंड्यावरची.

म्हटलं, पुढच्या वेळी भाकर मी माझी आणीन, कोंबडी कापाल तर उपाशी परत जाईन. ती हसली. विश्वास ठेवला नाही हे दिसलंच.

१२ जाने.
भेटबुकातल्या तारखा उतरवून आणल्या होत्या. घरमालकीणबाईंच्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवर ताळा पाहिला. अकराच्या अकरा तारखा गुरुवार. आहे पुरावा.
पण खो.च्याही वरच्या मोठ्या साहेबांना कळवलं तर पहिला मोती जाईल. कोतवालाला कोण विचारतो. आणि खो.ला हुकूम होईल: आता प्रत्यक्ष जा. मग महिन्याला एक कोंबडी.
चिडचिड झाली. इतका चांगला दगड हातात आला आणि मारायला जागा नाही.

२३ जाने.
दुसरी भेट. अवकाळी पाऊस झाला होता. वर गोट्यांची वाट धुऊन निघाली, पण खालचे दोन मैल काळी माती. चाक आणि मडगार्डमध्ये माती अशी बसली की चाक फिरेना. सायकल उचलावी तर दुप्पट जड. काडीने उकरत उकरत तीन तास. घरी येऊन दोन्ही मडगार्ड काढूनच टाकले. पाठीवर शिंतोडे उडतील, उडू देत.
सुकलीने माझ्या भाकरीसोबत मिरचीचा ठेचा दिला. आता थोडा विश्वास.

३ फेब्रु.
तिसरी भेट गेल्या आठवड्यात उरकली. आज सभा. मोठे साहेबही होते. काय बोलायचं ते मी रात्रंदिवस घोकत होते.

उठून मी म्हणाले, "साहेब, माझ्या जामुनझिऱ्याला तीन भेटी झाल्या. पण बायकांचं शिबिर मला एकटीला जमत नाही. खोडके साहेब अकरा वेळा जाऊन आले आहेत, लोक त्यांना ओळखतात, वाट त्यांच्या पायाखालची आहे. पुढच्या वेळी ते सोबत आले तर मला मार्गदर्शन होईल."

मोठे साहेब खूश. "वा! बरोबर आहे. काय खोडके?" खो.चा चेहरा! तो नाही म्हणू शकत नाही. अकरा वेळा गेलेला माणूस वाट कठीण आहे असं कसं म्हणेल? "हाव, हाव, काहून नाई," म्हणाला. माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्याला कळलं होतं की मला कळलं आहे.

आज जेवण गेलं नाही आनंदाने.

१० फेब्रु.
बुधवारी जायचं. खो.ने कुणाची तरी नवी सायकल मागून आणली आहे, चकचकीत. मोतीला निरोप धाडला, कोंबडी कापू नका. दादाला काही सांगितलं नाही. दादाला सांगितलं तर तो खो.लाही शिकवेल.

१२ फेब्रु.
हे सगळं नीट लिहायचं आहे.

सकाळी निघताना खो.ने विचारलं, "हवा बरोबर आहे ना?" टायर दगडासारखा. मी म्हटलं, "छान आहे, साहेब." सीट उंच. बोलले नाही.

चढावर त्याने सायकल चालवली ती पहिला अर्धा मैल. मग ढकलली. मी पुढे जाऊन सावलीत बसायचे, तो घामाने निथळत यायचा, मी उठायचे. बसू द्यायचेच नाही. फाट्यावर थांबले. म्हटलं, साहेब, तुम्ही पुढे, वाट तुमच्या पायाखालची. त्याने डावी धरली. ती झऱ्याशी जाऊन संपते. अर्ध्या तासाने परत आला. "जंगल पाहून आलो," म्हणाला. मी मान डोलावली. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

वर कोंबडी कापलेलीच होती. माझा निरोप मोतीने ऐकला नाही. साब खरंच येतो म्हटल्यावर त्यांची छातीच झाली नाही. तूपही होतं. खो.ने भरपूर खाल्लं. "इथली कोंबडी दरवेळी अशीच बरी असते," म्हणाला मोतीला. मोती म्हणाला, "हाव साब." चेहऱ्यावर काही नाही.
मग मोती माझ्याजवळ आला. "तुमीच आणलं त्याले?"
मी म्हटलं, हो.
"तुमचं भांडण, बाई. कोंबडी आमची गेली."
मला राग आला. मोतीचा नाही. पण तो सगळा मी खो.वरच ठेवला.

उतरणीच्या माथ्यावर मी फांदी तोडून बांधली. खो. पाहत होता. "हे काय? झाडलोट करत जाता काय?" हसला. मग हसणं थांबवून नीट विचारलं, "हे कायले बांधता, बाई?"
नीट विचारलं. हे मी लिहून ठेवते. टोमणा नव्हता.
मी म्हटलं, "मला सवय आहे, साहेब."
"तुमी राहा मांगं. मले काई नाई लागत." आणि गेला. सीटवर बसून, पाय खाली, दोन्ही ब्रेकवर चारी बोटं.

पहिलं वळण निघालं. दुसऱ्यावर गोटे सुटे आहेत. चाक नाचलं. त्याने पुढचा ब्रेक दाबला. मागचं चाक वर आलेलं मी पाहिलं. तो हँडलवरून गेला, नाल्याच्या काठच्या खडकावर, उजव्या अंगावर.

पहिल्यांदा मला काय वाटलं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार नाही. बरं झालं, असं वाटलं. मग तो ओरडला. आई गं, म्हणून ओरडला, लहान पोरासारखा. मग मी धावले.

लुगड्याचा पदर फाडून हात गळ्यात बांधला. वर जाऊन माणसं आणली. मोती आणि आणखी तिघे, खाटेवर घालून नऊ मैल खाली. ज्यांची कोंबडी खाल्ली त्यांच्याच खांद्यावर. एकदाही त्यांनी कुरकुर केली नाही. मी मागे दोन सायकली ढकलत.

१५ फेब्रु.
खो. अकोल्याला दवाखान्यात आहे. मनगट मोडलं, गळ्याचं हाड मोडलं. जिवाला धोका नाही. ऑफिसात सगळे माझं कौतुक करतात. बाईंनी धीर सोडला नाही. बाईंनी पदर फाडला. मोठे साहेब म्हणाले, शाबास.
मी शाबासकी घेतली.

२० फेब्रु.
उमरावदादा भेटला. सगळं ऐकून होता. एकच विचारलं, "फांदीचं सांगतलं होतं त्याले?"
"त्याने विचारलं होतं."
"मंग?"
ऊन तापलं होतं, तो घामाघूम. मी बाटली पुढे केली. त्याने हात आडवा केला. "नोको, बाई." आणि सायकल ढकलत गेला.

जातीचं असतं तर मला राग आला असता, आणि राग मला बरा जमतो. हे तसलं नव्हतं. त्यामुळे काय करावं ते कळेना. बाटली घरी आणून ओतून दिली.

२१ फेब्रु.
काय चूक केली मी? त्याने माझी नोकरी घ्यायची ठरवली होती. माझ्या बाबांना तीन मैल पायी चालवलं. मी त्याला ढकललं नाही. ब्रेक त्याने दाबला. हवा त्याने भरून आणली. अकरा खोट्या सह्या त्याच्या. चांगली अद्दल घडली.
हे दिवसभर म्हटलं. दिवसभर म्हणावं लागलं.

२६ फेब्रु.
चौथी भेट, आणि खो.सोबतची धरून पाचवी. दादा वाटेत दिसला नाही. सुकलीसाठी बाजारातून दोन कोंबड्या नेल्या होत्या, कॅरिअरला उलट्या टांगून. घेतल्या. "आता साब नाही ना येत?" म्हणाली. नाही म्हटलं.
दुसऱ्या वळणावर उतरून सुटे गोटे वेचून बाजूला टाकले. दोन तास. का ते विचारू नये.

५ मार्च
खो. घरी आला आहे. निरोप: बाईंनी येऊन भेटावं. जाणार नव्हते. गेले.

ओसरीवर खाटेवर बसला होता. उजवा हात गळ्यात, दाढी वाढलेली, पोट उतरलेलं. बायकोने चहा दिला. कपात. मी वाट पाहत होते की वेगळा कप येतो का, नाही आला.

म्हणाला, "हात चालत नाई. तुमचा गोपनीय शेरा पाठवाचा आहे, उद्याची शेवटची तारीख. मी सांगतो, तुमी लिवा." स्वतःचा गोपनीय शेरा स्वतःच्या हाताने! मी लिहिला. काम — समाधानकारक. दौरे — नियमित. जामुनझिरा — भेटी पाच, सहावीची अट माफ करावी. कायम करण्यास हरकत नाही.

मी विचारलं, पडल्याचं काय कळवलं?
"पाय घसरला असं. बारावी भेट म्हणून लिवलं." मग खाली पाहून, "पहिलीच होती. तुमाले माहीत आहे."
इतके महिने मला हेच ऐकायचं होतं, तीस माणसांसमोर. ओसरीवर त्याची बायको आणि मी.

मग म्हणाला, "एक विचारतो. फांदी कायले असते ते आता समजलं मले, दवाखान्यात एक गवळी भेटला होता. तुमाले मालूम होतं. मी विचारलं तवा तुमाले मालूम होतं ना, बाई?"
चहा संपला होता. तरी कप तोंडाला लावला.
मग त्याने डाव्या हाताने कागद ओढला, वाकडीतिकडी सही केली, माझ्याकडे सरकवला. शेवटचा रकाना तेवढा कोरा. विश्वासूपणा.
"हा तुमी भरा. मी काई म्हणणार नाई. जे लिवसान ते माह्या सहीनं जाईन."

६ मार्च
सकाळचे नऊ. टपाल दहाला निघतं. कागद समोर आहे. चौकोन एवढासा, एकच शब्द मावेल. भरून टाकला की मी कायम. बाबांची सायकल परत पाठवता येईल, सरकारी मिळेल दांडीची.

त्याने हे चांगुलपणाने केलं की मला अडकवायला, हे अजून कळलं नाही. चांगुलपणाने असेल तर जास्त राग येतो. मी अजूनही म्हणते की त्याची तीच लायकी होती. म्हणते, आणि पेन उघडून बसते, आणि शाई वाळते, पुन्हा झटकते. साडेनऊ.